द्राक्षांच्या रस्त्याने एक दिवस

नाशिकमध्ये जन्म गेला, द्राक्षांच्या हंगामावर घर चालले, तरी द्राक्षांचा प्रदेश म्हणून आपला जिल्हा कधी पायी वा सायकलवरून पाहिला नव्हता. आमचा व्यवसाय पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. ऑक्टोबरची छाटणी झाली की शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात आणि जानेवारी ते एप्रिल आम्हाला श्वास घ्यायला उसंत नसते. ज्या मालासाठी आपण खोके बनवतो तो माल कोणत्या वेलीवर, कोणत्या उतारावर पिकतो, हे मात्र आम्ही मोटारीच्या काचेतूनच पाहत आलो.

यंदा माघातील एका रविवारी पुतण्याने हा बेत काढला. त्याला सायकलचे वेड आहे, आणि त्यात नवल नाही. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेची किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून या शहरातल्या घराघरांत एक तरी सायकलस्वार निपजला आहे. परंतु त्या रविवारच्या बेतामागे आणखी एक कारण होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनीही निघताना बोलून दाखवले नाही. घरातील कपाटात एका वायनरीची मागणी पडून होती. बारा बाटल्यांचे, आत पुठ्ठ्याचे कप्पे असलेले खोके, वर्षभर, रोख भाव. गेल्या हंगामात अवकाळी पावसाने द्राक्षमणी तडकले, निम्मी खोकी गोदामात राहिली आणि नव्या यंत्राच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येतो. अशी मागणी वीस वर्षांपूर्वीही आली होती. तेव्हा माझ्या मोठ्या बंधूंनी ती एका वाक्यात परत केली होती. या वेळी त्यांनी पुतण्याकडे, म्हणजे स्वतःच्या मुलाकडे पाहून एवढेच म्हटले, "तू आणि काका ठरवा."

रविवार कारंजावरून पावणेसातला निघालो. थंडी अशी होती की हँडल धरलेली बोटे बधिर झाली. म्हसरूळ तेथून सहा किलोमीटर. गजपंथाच्या पायथ्याशी, धर्मशाळेजवळ सायकली ठेवल्या आणि नवकारशीची वेळ व्हायची होती म्हणून काही न घेताच पायऱ्या चढू लागलो. पायऱ्या चारशेहून अधिक आहेत. गावातले लोक या टेकडीला चांभारलेणी म्हणतात. आपल्या परंपरेत येथून सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी मोक्षाला गेले, म्हणून हे सिद्धक्षेत्र. आम्ही स्थानकवासी, मूर्तिपूजेचा आमचा रिवाज नाही. तरीही डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या लेण्यांत पार्श्वनाथांसमोर उभे राहिल्यावर पावले आपोआप थांबतात.

वरून सूर्य उगवताना पाहिला. उत्तरेला रामशेजचा किल्ला, ज्याने मुघल फौजांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. दक्षिणेला धुक्यात बुडालेले शहर. आणि मध्ये जिथवर नजर जाईल तिथवर द्राक्षबागा. वरून पाहिले की दोन प्रकारच्या बागा लगेच वेगळ्या ओळखू येतात. खाण्याच्या द्राक्षांची बाग मांडवासारखी, वरून हिरव्या छपरासारखी दिसते. वाईनच्या द्राक्षांची बाग मात्र उभ्या तारांच्या सरळ ओळींत असते, कंगव्याने विंचरल्यासारखी. पुतण्याने त्या ओळींकडे बोट दाखवून म्हटले, "आपण लहान होतो तेव्हा हे नव्हतं ना, काका?" मी म्हटले, तू लहान होतास तेव्हा नव्हते, मी तर तेव्हाच चाळिशीला टेकलो होतो.

खरोखर हा सारा बदल पंचवीस-तीस वर्षांतला. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत या अमेरिकेत शिकून परतलेल्या अभियंत्याने गंगापूरजवळच्या आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. २००० मध्ये त्यांच्या 'सुला'ची वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणून करांत सवलती दिल्या आणि मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी अशा तालुक्यांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, तसेच 'नाशिक व्हॅली वाईन'लाही आहे. मुंबईचे लोक शनिवारी येतात ते आता केवळ काळारामासाठी आणि त्र्यंबकेश्वरासाठी नव्हे, हे आपल्याला आवडो वा न आवडो.

पायऱ्यांवर बसून नवकारशी पारली: खाकरा, गूळपापडी आणि घरून आणलेले उकळलेले पाणी. तेथे बसल्या बसल्या मला द्वारकेची कथा आठवली. भगवान नेमिनाथांनी सांगितले होते की द्वारकेचा नाश मद्यामुळे आणि द्वैपायनामुळे होईल. कृष्णाने नगरातले सारे मद्य बाहेर नेऊन टाकले, तरी ते यादवकुमारांना सापडलेच; उन्मत्त होऊन त्यांनी तपस्वी द्वैपायनाला छळले आणि त्याच्या क्रोधाने नगरी जळाली. पुढे कृष्णाच्या मृत्यूनंतर बलभद्र त्याचा देह घेऊन फिरत राहिले आणि अखेर तुंगीच्या डोंगरावर त्यांनी अंत्यसंस्कार केले, अशी मांगीतुंगीची परंपरा. तो डोंगर आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात. म्हणजे मद्याने बुडालेल्या नगरीच्या कथेचा शेवट ज्या भूमीवर झाला, त्याच भूमीला आज देशाची वाईन राजधानी म्हणतात. मी हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो हसला, पण उपहासाने नव्हे.

म्हसरूळहून मखमलाबाद, तेथून दरी, मातोरी, मुंगसरे करत गिरणाऱ्याकडे. हा रस्ता सायकलवाल्यांसाठी फार सुंदर आहे. चढ आहेत, परंतु अंगावर येणारे नाहीत. दोन्ही बाजूंना तोडणी चालू होती. मातोरीच्या पुढे एका बागेपाशी माझी साखळी उतरली आणि ती बसवताना बागेचे मालक, साठीचे एक नाना, मदतीला आले. आम्ही खोकेवाले आहोत हे कळल्यावर त्यांनी आम्हाला बांधावर बसवले आणि हातात घड दिला.

नानांकडे दोन्ही बागा होत्या. तीन एकर थॉमसन आणि दीड एकर वाईनची जात. त्यांनी फरक समजावला तो कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमका होता. खाण्याच्या द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, जीएच्या डिपिंगने मणी लांबवणे, डाउनी आणि भुरीसाठी फवारण्या, आणि निर्यात असेल तर औषधांच्या अंशाची तपासणी. मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा हवा. वाईनचे द्राक्ष याच्या उलट. मणी बारीक, साल जाड, आत बी. त्याला लांबवायचे नाही, वेलीवर माल मोजकाच ठेवायचा, आणि साखर चढू द्यायची. खाण्याचे द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला तोडले तरी चालते. यांना बावीस-चोवीसपर्यंत थांबावे लागते. तोडणी पहाटे, अंधारात, माल थंड असतानाच करायची.

"मग परवडतं काय, नाना?" पुतण्याने विचारले.

"वाईनला भाव कमी," ते म्हणाले, "पण भाव आधी लिहून देतात अन् पैसे खात्यात येतात. थॉमसनला भाव जास्त. पण तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी माल घेऊन गेला, चेक दिला, अन् गाळा बंद करून निघून गेला. शेठ, तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्यातलाच होता."

मला वाईट वाटले. 'तुमच्यातलाच' या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ व्यापारी असा होता की जैन असा, हे मी विचारले नाही. विचारायला धीर झाला नाही, हे खरे. आपण मद्याच्या व्यापाराला हात लावत नाही, याचा अभिमान बाळगतो. आणि शेतकऱ्याचे पैसे बुडवून गाळा बंद करणारा माणूस घरी चौविहार पाळत नसेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

तेथून पुढे सावरगावच्या बाजूला एका वायनरीत शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा. पुतण्याला खोके कसे हाताळतात ते पाहायचे होते. उतरवणीच्या जागी पहाटे तोडलेल्या घडांचे क्रेट रिकामे होत होते. यंत्र देठ वेगळे काढत होते, पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच दाबून काढला जात होता, तांबडीसाठी सालींसकट टाक्यांत जात होता. माहिती देणारा तरुण सांगत होता की रसात यीस्ट टाकतात. ते जिवंत असते, साखर खाते, त्यातून मद्यार्क आणि वायू तयार होतो. मी आणि पुतण्याने एकमेकांकडे पाहिले. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'त मद्य हे रसात जन्मणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान आहे असे म्हटले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कित्येक शतके आधी. टाकीजवळ गोड-आंबूस वास होता, त्यात वाईट असे काही नव्हते. उलट, कच्च्या गुळाच्या गुऱ्हाळाची आठवण झाली. शेवटी गोदामात बारा बाटल्यांची खोकी रचलेली दिसली. पुतण्याने एक दाबून पाहिले आणि हलकेच म्हणाला, "आपला पुठ्ठा यापेक्षा चांगला आहे."

गंगापूर धरणाच्या मातीच्या भिंतीजवळ दुपारी सावलीत बसलो. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी स्पष्ट दिसत होते. अंजनेरीच्या पायथ्याशी पडीक मंदिरांचा समूह आहे. त्यात शके १०६३ चा, म्हणजे इसवी ११४१ चा शिलालेख आहे. यादव सेऊणचंद्राच्या काळात आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची त्यात नोंद आहे. मंदिराचा दिवा दुकानाच्या उत्पन्नावर जळत होता. त्या दुकानांत काय विकले जात होते, हे मात्र शिलालेख सांगत नाही.

येथे आमचा विषय अखेर निघाला. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आहे. मद्य विकणे त्यात येते. पण पुतण्याचा मुद्दा सरळ होता. आपण मद्य विकत नाही, पुठ्ठा विकतो. करणे, करवणे आणि अनुमोदन यांपैकी हे कोणते? गृहस्थाच्या व्रतांत बहुधा पहिल्या दोहोंचा त्याग असतो, अनुमोदनाचा नसतो. मग नानांच्या द्राक्षांसाठी खोके देतो, त्या द्राक्षांवर किती फवारण्या होतात, त्याचे काय? मी म्हटले, शास्त्रात बाटलीच्या खोक्याचा उल्लेख नाही, ही सोय नव्हे. ती आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे. साधे खोके कशासाठीही वापरता येते. बारा कप्प्यांचे खोके एकाच कामाचे असते, आणि ते बनवताना आपल्याला ते काम ठाऊक असते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हप्ता पाच तारखेला आहे, काका." मी म्हटले, मला माहीत आहे.

परतीचा रस्ता उताराचा. शनिवार-रविवारी गंगापूर रोडवर मुंबईच्या गाड्यांची रांग असते. सायकलस्वाराने येथे जपूनच चालवावे. दिवसभरात सुमारे पंचेचाळीस किलोमीटर झाले. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून ताटावर बसलो तेव्हा बंधूंनी द्राक्षांविषयी चौकशी केली, खोक्यांविषयी नाही.

मंगळवारी पुतण्याने स्वतः नकाराचे पत्र लिहिले. दोन ओळींचे, कारण न देता. यंत्राचा हप्ता त्या महिन्यात माझ्या ठेवीतून भरला. पुढच्या महिन्याचे अजून ठरलेले नाही, आणि वायनरीची मागणी पुढल्या हंगामात पुन्हा येणार नाही असेही नाही. गुरुवारी मातोरीच्या नानांचा फोन आला. थॉमसनसाठी पाच किलोचे आठशे बॉक्स हवे होते, पैसे माल विकल्यावर. पुतण्याने मला न विचारता होय म्हटले आणि टेम्पो भरायला सांगितले.