हवामान बदलाचा वाद आणि आपला प्रश्न

मीरा रोडच्या शांती नगरमध्ये आम्ही काही जण दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली, दोन-चार शिक्षक, रेल्वेत नोकरी करणारे काही कार्यकर्ते आणि सफाईच्या कामावर असलेले काही जण त्याला येतात. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वर्ग भरला तेव्हा रस्त्यावरचे पाणी नुकतेच ओसरले होते. तळमजल्यावरच्या ज्या खोलीत आम्ही बसतो तिथल्या भिंतीवर गुडघ्याएवढी ओल चढली होती. ठरलेला विषय बाजूला राहिला आणि या पाण्यावरून वाद पेटला.

एक तरुण शिक्षक म्हणाले, "हा हवामान बदल आहे. साऱ्या जगात हेच चालले आहे. इथल्या कारभाराला दोष देऊन काय उपयोग?" कायद्याचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी उसळून म्हणाला, "हवामान बदल हे श्रीमंत देशांनी काढलेले खूळ आहे. बहात्तर साली पाऊस पडला नाही, २००५ साली बेफाम पडला. निसर्गाचे असे चालायचेच. पाणी तुंबले ते नाले साफ झाले नाहीत म्हणून." कंत्राटी सफाईच्या कामावर असलेले एक वडीलधारे गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "सर, कारण कुठलंही असू द्या. नाल्यात उतरायचं ते आम्हालाच."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या दिवशी जे सुचले ते सांगितले. तेच येथे जरा नीट मांडतो आहे.

माझ्या मते या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पृथ्वी तापते आहे काय आणि कशामुळे, हा पहिला प्रश्न. तो शास्त्राचा आहे. या तापण्याला जबाबदार कोण आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा दुसरा प्रश्न. तो न्यायाचा आहे. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. दुसरा प्रश्न ज्यांना अडचणीचा वाटतो त्यांना पहिला वाद चालू राहिलेलाच सोयीचा असतो. म्हणून आपण आधी पहिला प्रश्न नीट समजून घेऊ.

सूर्याच्या उजेडाने जमीन तापते आणि तापलेली जमीन ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने परत वर सोडते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड उजेड आत येऊ देतो, पण बाहेर जाणाऱ्या या उष्णतेचा काही भाग अडवून धरतो. ही कालपरवाची कल्पना नव्हे. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले आणि या वायूची नळी अधिक तापते असे नोंदले. १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत वायू उष्णता कशी शोषतात ते मोजले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. तेव्हा मोटारगाड्याही नुकत्याच कुठे धावू लागल्या होत्या.

वायू खरोखर वाढतो आहे काय? कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. हा वाढलेला कार्बन कोळशाचा आणि तेलाचाच कशावरून? जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बनचा थोडा अंश असतो आणि काही हजार वर्षांत तो नष्ट होत जातो. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडल्या गेलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. असा जुना कार्बन हवेत मिसळला की त्याची खूण सापडते, आणि ती सापडली आहे.

सूर्यच अधिक तापला असेल, असे काही जण म्हणतात. तसे असते तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खालीच अडवली जात असेल तर जसे व्हावे तसेच हे घडते आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले.

आता आमच्या विद्यार्थ्याचा बहात्तरचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याच दुष्काळात माझ्या वडिलांनी मराठवाड्यात खडी फोडली आणि पुढे गाव सोडून मुंबई गाठली. दुष्काळ पूर्वीही होते, अतिवृष्टीही होत्या. पण पत्त्यांच्या एका जोडात चार एक्के असतात. कुणी गुपचूप आणखी दोन घुसडले, तर हातात आलेला एखादा एक्का मूळचा की घुसडलेला हे सांगता येणार नाही. मात्र डावामागून डाव मोजत गेले की एक्के जास्त निघत आहेत हे कळतेच. म्हणून एकेका पावसावरून वाद घालण्यापेक्षा अनेक वर्षांच्या नोंदी पाहाव्यात.

अशा नोंदी आपल्याकडे आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातील पाऊस तपासून २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या आहेत. त्याच काळात पावसाची एकूण बेरीज मात्र वाढली नाही, उलट कमी झाली. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे कोरडे दिवस लांबतात आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. दुष्काळ आणि पूर यांत विरोध वाटतो, पण एकाच कारणातून दोन्ही वाढू शकतात.

इतके असूनही वाद का टिकला? काही वाद प्रामाणिक असतात. २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील असे विधान शिरले होते. त्याला पुरेसा आधार नव्हता. भारतीय भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा वेगळा निष्कर्ष २००९ मध्ये आला आणि जानेवारी २०१० मध्ये ते विधान चुकीचे असल्याचे अहवाल करणाऱ्यांनी मान्य केले. हिमनद्या वितळत आहेत, पण त्या वेगाने नव्हे. चूक दाखवणे आणि ती मान्य करणे हा शास्त्राचा धर्मच आहे.

दुसऱ्या प्रकारचा वाद मात्र पैशाने पोसलेला आहे. अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकातील एका अभ्यासात तपासले गेले. त्यातले बहुतेक अचूक निघाले. घरात हे ठाऊक असताना ती कंपनी बाहेर मात्र अनिश्चिततेचा डांगोरा पिटत राहिली. आपल्या विद्यार्थ्याला जे श्रीमंतांचे खूळ वाटले, ते श्रीमंतांनीच लपवून ठेवले होते.

येथे दुसरा प्रश्न सुरू होतो. आजवर हवेत गेलेल्या कोळसा-तेलाच्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन-चार टक्के आहे. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी हा प्रश्न ठणकावून विचारला होता. गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसे तोलता? पहिला जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. जागतिक परिषदांतून भारत सरकारही हीच बाजू मांडत आले आहे, आणि ती न्याय्य आहे.

पण तो तराजू देशाच्या वेशीवरच का ठेवून द्यायचा? भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन वायू निघतो, अमेरिकेत चौदा-पंधरा टन, असे आपण सांगतो. ही दोन टनांची सरासरी इतकी कमी कोणामुळे आहे? ज्याच्या घरात एक पंखा आहे, जो लोकलने किंवा पायी कामाला जातो, त्याच्यामुळे. जगापुढे त्याची गरिबी मांडून सवलत मागायची आणि ती सवलत भोगायची मात्र वातानुकूलित इमारतींतल्यांनी, हा या देशाचा जुनाच परिपाठ आहे.

आता पुन्हा शांती नगरच्या पाण्याकडे येऊ. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मध्ये भातशेती, खाजणे व मिठागरे असा हा मुलूख होता. भरतीचे आणि पावसाचे पाणी खाजणांत पसरायचे आणि ओहोटीला निघून जायचे. १९८०नंतर येथे भराव पडले आणि इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत ज्यांना खोली परवडत नव्हती ते आमच्यासारखे लोक आले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. रस्ता दर डागडुजीला थोडा उंच होतो आणि तळमजला तेवढाच खाली जातो. त्यात जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. भरती असली की नाल्याचे तोंड पाण्याखाली जाते आणि पावसाचे पाणी माघारी फिरते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७४ च्या आसपास. मुंबईच्या जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील तिवरांच्या तोडीला मनाई केली. पाऊस आकाशातून येतो, पण तो कुठे साठणार हे जमिनीचा नकाशा ठरवतो, आणि नकाशा माणसे काढतात. तेव्हा आमचे शिक्षक आणि आमचा विद्यार्थी हे दोघेही अर्धेच बरोबर होते. 'सगळा हवामान बदल' म्हटले की भराव टाकणारा सुटतो. 'सगळी नाल्याची चूक' म्हटले की धूर सोडणारा सुटतो.

पाण्यासारखेच उन्हाचे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील सरकारी पुरस्कार समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली. पारा चाळिशीच्या आतच होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून कमी तापमानही येथे जीव घेते. मग दुपारी रस्ता झाडणारा, डांबर टाकणारा, विटा वाहणारा, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा कोण असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. जातीने कामे वाटून दिली. आता त्याच वाटपातून ऊनही वाटले जाते आहे.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संदर्भातील एका खटल्यात सांगितले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो. समानता आणि जीवित, हे दोन शब्द आपल्याला नवे नाहीत. कार्यकर्त्यांनी ते या प्रश्नावरही वापरले पाहिजेत. आपल्या वॉर्डात भराव कोठे पडतो आहे? भरतीच्या वेळी पाणी उपसायची सोय आहे काय? नाल्यात माणूस का उतरवला जातो, यंत्र का नाही? उन्हाच्या दुपारी काम थांबवले तर त्या तासांची मजुरी मिळेल काय? हे प्रश्न हवामान बदलाचेच आहेत.

त्या रविवारी वर्ग संपला तेव्हा त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "सर, मग हे सगळं अर्जात लिहिता येईल का?" पुढच्या रविवारी आम्ही तो अर्ज लिहायला बसलो. पहिली सही त्यांची आहे.