पोटातली लुगडी

बाळंतविड्यातलं जवळजवळ सगळं आता दुकानात मिळतं. झबली, टोपडी, कुंची, चांदीचे वाळे, बाळंतिणीची साडी. बाजारात एक फेरी मारली की काम उरकतं. अडतं ते दुपट्यापाशी. नव्या कापडातली खळ आणि ताठपणा तान्ह्या अंगाला सोसत नाही, म्हणून घरातली जाणती बाई अजूनही ट्रंक उघडते आणि आजीचं विरलेलं सुती पातळ बाहेर काढते. दोन-तीन पदर एकावर एक, कडेने धावदोरा, मधे चार ओळी, की दुपटं तयार. याच दुपट्याचं थोरलं भावंड म्हणजे गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच वाकळ म्हणतात.

रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत कापडाखेरीज काही नसतं. ऊब मिळते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची. आणि कापड नुसतं कापड नसतं, ते कुणीतरी नेसलेलं असतं.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटरचं. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटर लांबी मिळते आणि पन्हा एका माणसाला पांघरायला पुरतो. म्हणजे एका लुगड्यात एका गोधडीचे चार थर निघतात. पांघरूण ऐसपैस हवं असेल तर दांड घालून पन्हा वाढवायचा. धडसं, रंग टिकलेलं कापड वर आणि खाली. पोटात काय जातं याची यादी घराघरांत वेगळी: धोतराची पानं, फेट्याचे तुकडे, पोरांचे सदरे, उशांचे अभ्रे. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. गोधडीतला दिसणारा भाग सजावटीचा, न दिसणारा घरचा, आणि भेट म्हणून तिचं मोल या दुसऱ्या भागात आहे.

शिवणं सोपं दिसतं, पण चिवटपणा लागतो. थर सारवलेल्या जमिनीवर अंथरायचे, सुरकुती काढायची, कडांवर जड भांडी ठेवायची, कच्चे टाके घालून सगळं एकजीव करायचं. मग पक्का धावदोरा, कडेपासून आत आत. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर सव्वा बाय दोन मीटरच्या गोधडीत साठच्या वर ओळी पडतात आणि दोरा सव्वाशे मीटर चालतो. सेंटिमीटरला एक टाका धरा. बारा हजारांच्या पुढे टाके होतात. सुगी आटोपल्यावर उन्हाळ्याच्या दुपारी दोघी-तिघी मिळून हे काम करत, कारण एकटीने केलं तर ते संपता संपत नाही.

दिसणाऱ्या बाजूची हौस कुणी किती करावी, हे पाहायचं तर महाराष्ट्राची सीमा ओलांडून उत्तर कन्नड जिल्ह्यात जायला हवं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी वस्ती आहे. आफ्रिकेतून आणलेल्या, बऱ्याच अंशी पोर्तुगीज गोव्यातून निसटलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांतले अनेक घरी कोकणी बोलतात. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. सिद्दी बायका नक्षी आधी आखत नाहीत. एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत मध्याकडे येतात, आणि रंग हाताशी येईल तसा लागतो. तान्ह्यांच्या लहान कवंदांवर तर बारीक तुकड्यांची नुसती दाटी असते. कितीही सुरेख जमलं तरी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं बसेपर्यंत कवंद पुरं झालं असं मानत नाहीत; फुलांवाचून ते उघडं. 2004 मध्ये कला-इतिहासाचे अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रेवाल यांच्या पुढाकाराने या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि नातवंडांसाठी शिवलेली कवंदं परदेशी भिंतींवर टांगली गेली. भिंतीवर टांगलेलं कवंद पाहायला छान दिसतं. त्याची पाठ आणि पोट मात्र कुणाला कळत नाही.

बंगालची कांथाही जुन्या साड्यांच्या थरांचीच. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी केलेली कांथा आहे. ती कुणी आणि कुणासाठी केली, हे तिने टाक्यांतच लिहून ठेवलं. आपल्याकडच्या बायकांनी गोधडीवर नाव घातलेलं क्वचितच आढळतं.

नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या आणि गोधडीची गोची झाली. हे कापड विरत नाही, घाम शोषत नाही, सुईखाली घसरतं. पुढे सुताची लुगडी नेसणाऱ्याच कमी झाल्या, आणि हलकी, मशीनमध्ये धुता येणारी ब्लँकेटं स्वस्तात मिळू लागली. घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या ओढ्यावर नेऊन बडवण्याचा सोहळा उरकायला अंगात जोर लागतो, हेही खरं.

आता शहरांत गिऱ्हाइकाचे कपडे घेऊन गोधडी शिवून देणारे बचत गट आणि घरगुती व्यवसाय आहेत. लग्नाला, बारशाला, परदेशी निघालेल्या मुलाला द्यायला लोक ती करवून घेतात. गेलेल्या वडिलांच्या शर्टांचीही करतात. याच नावाने कोऱ्या छापील कापडाची, आत पॉलिस्टरचा थर घातलेली देखणी पांघरुणंही विकली जातात. ती घ्यायला हरकत नाही, फक्त गोधडीच्या भावात घेऊ नयेत.

करवून घ्यायचीच तर कपडे निवडताना थोडं कठोर व्हावं लागतं. शर्टाचा खिसा ठेवता येतो. बटणं काढावीत, झोपेत टोचतात. आईची आठवण म्हणून पैठणी द्यायचा मोह होतो, पण जर अंगाला खरखरते आणि रेशीम चार धुण्यांत फाटतं. पैठणी कपाटातच बरी. त्यापेक्षा तिने स्वयंपाकघरात रोज नेसलेली, पदराला हळदीचे डाग असलेली सुती साडी द्यावी.