लायसन्स लागत नाही, त्याचा कागद

पुसेगावच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेली असते. त्यामुळे एअर रायफल म्हणजे खेळणं, अशी सातारा-सांगलीकडे सर्रास समजूत. विमानतळावर ती पार उलटी होते. पेटी उघडली की समोरच्याला फक्त बंदूक दिसते.

कायदा बघतो आकडे. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा आतला व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतली रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. माझ्या नेमबाज भाचीच्या जर्मन रायफलवर पंचकोनात बारीकसा ‘एफ’ आहे, तो तिकडच्या साडेसात ज्यूलच्या मर्यादेचा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते पन्नास मीटरच्या रायफलनं. तिच्यात काडतूस असतं, तिला परवाना हवाच.

जर्मनीतल्या स्पर्धेसाठी सांगलीहून निघायच्या आदल्या रात्री भाचीनं रायफलचा हवेचा सिलिंडर रिकामा केला. भरल्यावर त्यात 200 बार दाब असतो, मोटारीच्या चाकाच्या नव्वदएक पट. भरलेला सिलिंडर विमानात घेत नाहीत. हवा सुईसारखा आवाज करत निघत होती आणि भाची मधेमधे थांबत होती, कारण एकदम सोडली तर धातू गारठतो. मग नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात नारिंगी दोरी, छर्ऱ्यांचे डबे वेगळे, पेटीला कुलूप. आणि फाईल.

विमानतळाच्या काउंटरवरचा संवाद ठरलेला.

‘‘लायसन्स?’’

‘‘सर, हिला लागत नाही.’’

‘‘मग लागत नाही, त्याचा कागद दाखवा.’’

हसू येतं, पण त्या माणसाचंही चुकत नाही; उद्या विचारणा झाली तर त्यालाच उत्तर द्यायचं आहे. भाचीनं नियमाची प्रत, खरेदीची पावती, संघटनेचं पत्र, आयोजकांचं निमंत्रण असं एकेक पुढं केलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून रायफलवरचा नंबर कागदाशी बोट ठेवून ताडून पाहिला. इथं एक आकडा चुकला तर बाकीची फाईल रद्दी. पुढं कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे परतताना आपलीच रायफल नवी ठरून तिच्यावर शुल्क बसत नाही.

नवी आणायची तर गोष्ट वेगळी. परदेशात दुकानात आवडली, उचलली, असं चालत नाही. परवाना लागत नाही म्हणजे आयातही खुली, हा गैरसमज अनेक पालकांना महागात पडतो. तिची आयात निर्बंधित आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेची शिफारस आणि परवानगी आधी, रायफल नंतर. ही संघटना 1951ची. पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर, पेशानं वकील. त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांच्या तोंडी नुसती ‘मावळंकर’ असते.

परतताना भाची कस्टम्सच्या हिरव्या मार्गाकडं बघतही नाही. थेट लाल मार्ग, प्रमाणपत्र, पुन्हा तोच नंबर, पुन्हा तेच बोट. पेटी गाडीच्या डिकीत गेली, तरी फाईल तिनं मांडीवरच ठेवली.

‘‘मामा, आनेवाडीला नाकाबंदी असली, तर बोलायचं मी. तुम्ही ‘बंदूक’ म्हणता.’’