नामापूर्वीचे उपपद

'एक होता राजा. राजाला दोन मुलगे होते.' मराठीत एवढे पुरते. पहिल्या वाक्यातला 'एक' राजाची ओळख करून देतो. दुसऱ्यात त्याची गरज उरत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्यांदा 'अ किंग' आणि दुसऱ्यांदा 'द किंग' म्हणावेच लागते. या छोट्या शब्दांना उपपदे म्हणतात. 'अ' किंवा स्वरोच्चारापूर्वी येणारे 'अ‍ॅन' हे 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून निघाले. 'द' हे दर्शक सर्वनामापासून. 'अ' अनेकवचनापूर्वी का येत नाही, हे मग निराळे पाठ करावयास नको.

मोजता येणारे सामान्यनाम एकवचनी असेल, तर ते इंग्रजीत सहसा एकटे राहत नाही. 'आय बॉट बुक' हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, इंग्रजी कानाला खटकते. 'मॅन' हा या नियमाचा एक अपवाद होय. उपपदावाचून त्याचा अर्थ समस्त मानवजात असा होतो. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी एका माणसाचे लहान पाऊल आणि मानवजातीची झेप यांची तुलना केली. पण पृथ्वीवर 'अ' ऐकू आला नाही आणि तुलनेच्या दोन्ही बाजूंना मानवजातच उरली! आपणांस 'अ मॅन' म्हणावयाचे होते, असे ते पुढे सांगत.

अनेकवचनाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. 'डॉग्ज बार्क' म्हणजे कुत्री भुंकतात, हा कुत्र्यांचा स्वभाव. 'आय सॉ डॉग्ज' यात काही कुत्री दिसली, एवढेच. 'आय सॉ द डॉग्ज' म्हटले, की ज्यांच्याविषयी बोलणे चालू होते ती सगळी. उपपदरहित अनेकवचन 'सर्व' असे म्हणत नाही, आणि 'सर्व' हा अर्थ नाकारतही नाही.

या संदिग्धतेवर एक आंतरराष्ट्रीय वाद उभा आहे. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने संमत केला. त्या वर्षीच्या जूनमधील युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएलने सैन्य मागे घ्यावे, असे त्यात म्हटले होते. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांनी मांडलेल्या मसुद्यात 'टेरिटरीज' या शब्दापूर्वी 'द' नव्हते. ते अनवधानाने राहिले नव्हते. सर्व प्रदेश सोडण्याचे बंधन नाही, असा अर्थ इस्राएलने घेतला. अरब राष्ट्रांनी प्रास्ताविकाकडे बोट दाखविले: युद्धाने प्रदेश मिळविणे ग्राह्य नाही, असे तेथे स्पष्ट आहे. शिवाय फ्रेंच पाठातील शब्दरूपात निश्चित उपपद मिसळलेले असल्याने तो 'त्या प्रदेशांतून' असा वाचता येतो. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता, आणि ठरावाचा अर्थ संपूर्ण माघार असाच आपण समजतो, असे त्याच्या प्रतिनिधीने सांगितले होते.

मराठी अनुवादकाची येथे विचित्र अडचण होते. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' असे लिहिले, तर इंग्रजी व फ्रेंच दोन्ही पाठ त्यात मावतात. त्यांतील भेद दाखवावयाचा, तर 'सर्व' किंवा 'त्या' हा शब्द त्याला पदरचा घालावा लागतो.