मानसिक ताण आणि यवतमाळचा कास्तकार

'टेन्शन' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, बस चुकली तरी टेन्शन आणि मुलीचे लग्न ठरत नसले तरी टेन्शनच! एकच शब्द सर्वत्र वापरल्याने त्याचे गांभीर्य हरवते. म्हणून ताण म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे ठरते.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास हान्स सेलिए या वैद्यकाच्या नावाशी जोडला जातो. सन १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याने एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. इजा कोणत्याही प्रकारची असो, शरीर तिला काही ठरावीक पद्धतीनेच प्रतिसाद देते, असे त्याचे निरीक्षण होते. संकट समोर दिसताच ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात वाढतात, हृदयाचे ठोके जलद होतात, स्नायू आवळले जातात आणि पचन मंदावते. वावरात अचानक रानडुक्कर समोर आले, तर हीच यंत्रणा आपला जीव वाचवते. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. तात्पर्य, ताण हा मुळात शत्रू नव्हे. तो संपतच नाही, तेव्हा मात्र तो शत्रू होतो.

यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराच्या वाट्याला नेमका हाच न संपणारा ताण येतो. जूनमध्ये पेरणी करावी, तर पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. पीक उभे राहिले की अळीचे भय. सन २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची उभी शेते पोखरली, हे येथील कोणीही विसरलेले नाही. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, तेव्हा मजुरी रोख द्यावी लागते आणि भाव मात्र हातात नसतो. कापूस विकला की आधी कृषी केंद्राची उधारी, मग सावकार, मग बँक. उलंगवाडी होते न होते तोच ३१ मार्च ही कर्जफेडीची तारीख येऊन ठेपते. शहरातील नोकरदाराला निदान रविवार असतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या काळजीला सुटी नसते.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. महाराष्ट्रात जाहीर चर्चा झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. सन २०१७ पासून या दिवशी अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. करपे हे गावाचे सरपंच राहिलेले, चारचौघांत मान असलेले गृहस्थ होते. 'मनाने दुबळे असतात तेच असे करतात' असे सहजपणे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ताणाविषयी बोलताना भाव, सिंचन आणि कर्ज यांचे प्रश्न झाकले जाऊ नयेत. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती प्रश्न मुख्यतः आर्थिक आहे हे मान्य करूनच. परंतु तेवढ्याच कर्जाचे दोन भाऊ एकाच गावात असतात. एक तग धरतो, दुसरा खचतो. या दोघांतील अंतर कोठे आहे, हे शोधणेही तितकेच आवश्यक आहे. पुष्कळदा ते अंतर इतकेच असते की एकाला कोणीतरी बोलायला होते.

खचलेला माणूस 'मी उदास आहे' असे म्हणत नाही, विशेषतः पुरुष. तो म्हणतो, अंग दुखते, डोके जड आहे, पोटात जळजळते. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण कमी होते, चिडचिड वाढते, पारावर बसणे बंद होते, दारू सुरू होते किंवा वाढते. असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर तो केवळ स्वभाव नसून नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर औषध आहे आणि ते गुण देते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. त्यात मोठ्या रुग्णालयावर भिस्त न ठेवता, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन माणसांना बोलते केले आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात नमूद आहे. मनोविकारतज्ज्ञ गावोगावी मिळणे अशक्य. परंतु ऐकणारा माणूस गावातच घडविता येतो, हे यावरून दिसते. राज्य शासनानेही २०१५ मध्ये यवतमाळ व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला आणि पुढे तो चौदा जिल्ह्यांत नेला. त्यात आशा कार्यकर्तीवर घरोघरी चौकशी करण्याचे काम सोपविण्यात आले.

'जीव नकोसा झाला का?' असे विचारले तर ती कल्पना डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. जिव्हाळ्याने आणि सरळ विचारल्याने माणसाला हायसे वाटते. विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे, लगेच उपदेश सुरू करू नये (आम्हा धर्मगुरूंना हे विशेष कठीण जाते!). उत्तर 'होय' असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. घरातील फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. टोकाचा क्षण बहुधा ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही नसले, तर माणूस वाचतो. प्रयत्न करून वाचलेल्याला पोलिसांची भीती घालू नये. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले असून, तिची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे.

पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची कथा आपणांस ठाऊक आहे. रानात झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला दोष दिला नाही. त्याला भाकर व पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा खाऊ घातले. पुढची वाटचाल त्यानंतर. आपले सांत्वन अनेकदा याच्या उलट क्रमाने चालते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, दारूपासून दूर राहणे या साध्या गोष्टी ताणलेल्या शरीराला प्रथम हव्या असतात. दुसरे म्हणजे देणे-घेणे कागदावर मांडावे, तेही घरातील माणसांसमोर. मनातला आकडा रात्री फुगत जातो; कागदावरचा तेवढाच राहतो.

घरधन्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीचा ताण मात्र बातमीत येत नाही. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' याची वाट पाहायची, सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी खेटे घालायचे आणि त्याच जमिनीत पुन्हा पेरायचे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी-पत्नीने केले. पतीच्या आत्महत्येनंतर त्यांनी अंगणवाडीत काम करून संसार चालविला होता. त्या व्यासपीठावर त्या एक दिवस उभ्या राहिल्या. धर्मग्रामातील अशा भगिनींच्या घरी पेरणीच्या वेळी आणि पोळ्याच्या दिवशी आपण जातो का, हा प्रश्न आपल्यापुढे राहतो.

मदतीसाठी केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मनोविकारांवर उपचार होतात. पहिल्या खेपेस सोबत कोणीतरी जावे.