जुनं ग्राफिक्स कार्ड: मायनिंगपेक्षा ओलीला भ्या

मलकापुरात काय किंवा शाहूवाडी तालुक्यात कुठेही काय, पुढच्या वर्षी नवा पीसी बांधेपर्यंत तात्पुरतं एखादं जुनं ग्राफिक्स कार्ड टाकावं असं कुणी म्हटलं, की सल्ला ठरलेला असतो: मायनिंगचं असेल, हात लावू नकोस. हा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की तो तपासून पाहायची गरजच कुणाला वाटत नाही. परिणाम काय होतो? धडधाकट जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८० नाकारलं जातं आणि ‘निदान नवं तरी आहे’ म्हणून खोक्यातलं जीटी ७३० घरी येतं. खोकं नवं, मॉडेल मात्र २०१४चं. नाकारलेली दोन्ही कार्डं त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान आणि कितीतरी पटींनी वेगवान. साठवलेले पैसे असे वाया जातात, म्हणून ही समजूत मुळापासून तपासायला हवी.

मायनिंगमध्ये कार्डाचं नेमकं काय होतं ते आधी पाहू. इथेरियम या क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगचा भार मुख्यतः मेमरीवर पडायचा, चिपवर कमी. वीजबिल हाच या धंद्यातला रोजचा मोठा खर्च, त्यामुळे जाणते मायनर चिपचं व्होल्टेज आणि वॉट मुद्दाम खाली उतरवत. कार्ड चोवीस तास चालायचं हे खरं, पण जवळपास एकाच तापमानाला. गेमिंगमध्ये मात्र ते रोज तापतं, निवतं, पुन्हा तापतं. चिप, सोल्डर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, आणि सोल्डरचे सांधे थकतात ते प्रामुख्यानं या चढउतारानं. म्हणून मायनिंग निरुपद्रवी ठरत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पंखे झिजतात, थर्मल पेस्ट सुकते, मेमरी सतत गरम राहते, आणि कोंदट खोलीत रांगेनं लावलेल्या कार्डांचे हाल जास्त होतात. पण पंखे आणि पेस्ट बदलता येतात, मेमरी तपासता येते. ‘मायनिंगचं’ या एका शब्दावरून कार्डाची आजची तब्येत कळत नाही.

यावर हटकून येणारा आक्षेप असा की मायनिंगनं कार्ड हळूहळू मंद होतं. २०२२ मध्ये कार्डं बनवणाऱ्या एका कंपनीनंच दरवर्षी १० टक्के कामगिरी घटते असं विधान केलं आणि ते जगभर फिरलं. नवी कार्डं विकण्यावर जिचं पोट आहे तिनं जुन्या कार्डांविषयी दिलेली ही साक्ष आहे, एवढं तरी ऐकणाऱ्यानं लक्षात घ्यायला हवं होतं. चिप टायरसारखी घासत जात नाही. ठरलेल्या क्लॉकवर ती जेवढी गणितं पहिल्या दिवशी करते तेवढीच पाचव्या वर्षी करते. नाहीतर चुकते, स्क्रीनवर ठिपके-पट्टे दाखवते किंवा बंद पडते. जुनं कार्ड मंद झालेलं दिसतं ते बहुधा सुकलेल्या पेस्टमुळे आणि हीटसिंकमध्ये बसलेल्या धुळीमुळे: तापमान वाढलं की कार्ड स्वतःच क्लॉक खाली आणतं. साफसफाई करून नवी पेस्ट लावली की गेलेला वेग सहसा परत येतो. आरएक्स ५७०-५८० मध्ये मायनरनी बायोस बदललेला असू शकतो; त्यावर मूळ बायोस चढवणं हा उपाय आहे.

शिवाय तारखा पाहा. इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी कायमचं बंद झालं. ४ जीबीची कार्डं तर २०२० च्या अखेरीसच त्यातून बाद झाली होती, कारण त्याला लागणारी डेटा-फाइल तेवढ्या मेमरीत मावेना. त्यानंतर बहुतेक कार्डं कुणाच्या तरी पीसीत गेम चालवत आली आहेत. ज्यांना मायनिंगनं मरायचं होतं त्यातली बरीचशी केव्हाच मेली.

काळजी करायचीच असेल तर आंबा घाटाच्या या बाजूला ओलीची करावी. इथे पावसाळ्यात घरातल्या भिंती घाम धरतात. घाट चढून किनाऱ्याकडून किंवा मुंबईहून आलेल्या कार्डावर त्यात खाऱ्या हवेचीही भर असते. कार्ड हातात घेतलं की आधी मागच्या पट्टीकडे आणि स्क्रूंकडे पाहा. पोर्टच्या कडांना पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, स्क्रूंवर तांबूस गंज, सोनेरी दातांवर काळसर डाग दिसले, तर ते कार्ड एका तासाचंही मायनिंग न केलेलं असलं तरी नको. दुसरी भीती हीट गननं ‘रिपेअर’ केलेल्या कार्डाची: चिपभोवती चिकट पिवळट फ्लक्स, स्क्रूची खरवडलेली डोकी. असं कार्ड महिनाभर चालतं आणि मग जातं. तिसरी भीती तोतया कार्डाची. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डावर बायोस चढवून ते १०५० टीआय म्हणून खपवण्याचे प्रकार इतके वाढले की २०१८ मध्ये जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमला अशी एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय द्यावी लागली. त्याच प्रोग्रॅममध्ये शेडरचा आकडाही पाहावा: खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात, २०४८ दिसले तर ते कामगिरीनं ५७० आहे. विकणाऱ्याला अर्धा तास फरमार्क ही ताण-चाचणी आणि एखादा गेम समोर, नाहीतर व्हिडिओ कॉलवर चालवायला सांगा. त्याला तो तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मेमरी जास्त म्हणजे कार्ड भारी, हे चूक. ४ जीबीचं जीटी ७३० हे त्याचं धडधडीत उदाहरण. नव्या मदरबोर्डवर जुनं कार्ड बसत नाही, हेही चूक; पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या स्लॉटमध्ये जुनी कार्डं चालतात. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय म्हणून काहीही चालेल, ही समजूत मात्र महागात पडते: आरएक्स ५८० ला १८५ वॉटच्या आसपास आणि सहसा आठ पिनांची वायर लागते, जीटीएक्स १०६० ला १२० वॉट. मोलेक्सचं कन्व्हर्टर लावून ही गरज भागवू नका. एसएमपीएस बदलायचा नसेल तर ७५ वॉटवर चालणारं, वेगळी वायर न लागणारं जीटीएक्स १६५० शोधा.

‘तात्पुरतं’ म्हणजे किती, हा हिशेबही कार्ड घेण्याआधीच करावा. एनव्हिडियानं २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे १०६० च्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेचे अपडेट. व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ यांना त्यानं अडत नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम मात्र हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत, त्यांची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर आहे. तेच खेळायचे असतील तर १०६० कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.