नामवंत संस्था की मनाजोगती शाखा?

‘जेईई ॲडव्हान्स्ड’चा निकाल लागला की अनेक घरांत एकाच प्रश्नावर खल सुरू होतो. गुणानुक्रम पाहता एखाद्या आयआयटीत धातुशास्त्र किंवा खाणकाम अशी शाखा मिळू शकते. दुसरीकडे एखाद्या एनआयटीत, अथवा राज्याच्या सीईटीच्या गुणांवर पुण्याच्या सीओईपीत वा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये हवी ती शाखा मिळण्याची शक्यता असते. नाव घ्यावे की शाखा? आप्तांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचे मत तयार असते. चार वर्षे मात्र विद्यार्थ्यालाच काढायची असतात.

नामवंत संस्थेचे लाभ खरे आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. तेथे हुशार सहाध्यायी भेटतात, नोकरी देणाऱ्या कंपन्या संस्थेच्या दारात येतात आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे पुढेही उपयोगी पडते. परंतु त्या विद्यार्थ्यांच्या यशाचे सारे श्रेय संस्थेला देता येईल काय?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९७६ साली महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील मिळकतीची त्यांनी तुलना केली. सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी कमी चुरशीचे महाविद्यालय निवडले, त्यांची मिळकत इतरांच्या जवळपास बरोबरीचीच आढळली. म्हणजेच विद्यार्थ्याची मूळची क्षमता आणि जिद्द यांचा वाटा मोठा होता. याला एक अपवाद होता. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना नामवंत संस्थेचा लाभ स्पष्टपणे झाला. ज्यांच्या घरी ओळखी वा मार्गदर्शन नसते, त्यांना संस्थाच ते पुरवते. अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होणार नाही. मात्र त्यामागील तर्क आपल्याही उपयोगाचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, प्रतिष्ठा ही विषयागणिक बदलते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ‘यूडीसीटी’, म्हणजे माटुंग्याची आजची ‘आयसीटी’, हे त्याचे ठळक उदाहरण. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी येथेच रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि प्रा. एम. एम. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. हे गुरू-शिष्य पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रसायन अभियांत्रिकीची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने केवळ संस्थेच्या नावाकडे पाहून येथील जागा सोडणे शहाणपणाचे ठरेलच असे नाही.

‘आधी आयआयटीत शिरू, मग शाखा बदलून घेऊ’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. शाखाबदल पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि मोजक्या जागांवर अवलंबून असतो. काही आयआयटींनी तर ही सोय अलीकडे बंदच केली आहे. मिळालेल्या शाखेतच चार वर्षे काढावी लागली तर चालेल का, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच स्वतःला विचारायला हवा.

मग निर्णय कसा करावा? कोणत्याही एका शाखेची विशेष ओढ नसेल, पुढे व्यवस्थापनाचे शिक्षण किंवा स्पर्धा परीक्षा असा मार्ग मनात असेल, अथवा घरात उच्चशिक्षणाची परंपरा नसेल, तर संस्थेच्या नावाला अधिक वजन द्यावे. याउलट एखाद्या विषयाची खरी आवड असेल आणि त्यातच काम वा संशोधन करायचे असेल, तर शाखेला. मात्र ‘आवड’ म्हणजे त्या शाखेतील पगाराचे आकर्षण नव्हे. दोन्ही ठिकाणचा आठही सत्रांचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि विषयांची नावे वाचून उत्सुकता वाटते की धडकी भरते, ते प्रामाणिकपणे पाहावे. त्याच शाखेत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावे. वसतिगृह, खर्च आणि घरापासूनचे अंतर या बाबीही गौण मानू नयेत.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज टाळावा. आयआयटी, एनआयटी आदींच्या ‘जोसा’ या संयुक्त प्रवेशप्रक्रियेत, गुणानुक्रमानुसार मिळू शकणाऱ्या पर्यायांपैकी यादीत सर्वांत वर असलेला पर्याय दिला जातो. त्यामुळे अवघड वाटणारा पर्याय वर लिहिल्याने खालची जागा हुकत नाही. जागा मिळाल्यावर ‘फ्रीझ’ म्हणजे तीच कायम करणे, ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत वरच्या पसंतीच्या शाखेची वाट पाहणे आणि ‘फ्लोट’ म्हणजे यादीतील वरच्या पसंतीचा कोणताही पर्याय खुला ठेवणे. ‘फ्लोट’ वा ‘स्लाइड’मध्ये वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते. साहजिकच जो पर्याय मनापासून नको आहे, तो केवळ नावासाठी वर लिहू नये.

यादी ‘लॉक’ झाल्यावर क्रम बदलता येत नाही. म्हणून घरातील चर्चा त्याआधी पूर्ण व्हावी आणि त्या चर्चेत शेवटचा शब्द, जो वर्गात बसणार आहे, त्याचा असावा.